साक्षीचा रविवार

मागच्या खोलीला आतून कडी होती.

शिकवणीचा शेवटचा वर्ग रद्द झाला म्हणून मी त्या दिवशी लवकर घरी आले होते. ओट्यावर पोह्यांची ताटली अर्धवट पडली होती. मनू, माझा नवरा, मागच्या अंगणात मोटारसायकल पुसत होता. आमची लेक तिर्झा कुठे दिसेना. मी दारावर थाप मारली.

"कोण?" सासूबाईंचा आवाज.

"मी आहे, आई. तिर्झा आत आहे का?"

"आहे. प्रार्थना चाललीय आमची. थांब जरा."

प्रार्थनेला कडी कशाला? मी दाराला कान लावला. आत चिडीचूप. आता, आमच्या सासूबाई मनातल्या मनात प्रार्थना करणाऱ्यांतल्या नव्हेत. त्या डोळे मिटून "हे स्वर्गीय बापा" म्हणाल्या की शेजारच्या घरातल्या टीव्हीचा आवाज वाढायचा. त्यांची मुकी प्रार्थना मी लग्नानंतरच्या सहा वर्षांत ऐकली नव्हती.

कडी निघाली. तिर्झा बाहेर आली, आजीच्या पदराने तोंड पुसत. मी तिला उचललं आणि वास घेतला. गूळ.

"काय खाल्लंस गं?"

तिने आजीकडे पाहिलं. "गूळ."

"आणखी?"

"आजी म्हणाली सांगायचं नाही."

सासूबाई हसल्या, जरा जास्तच. "अगं, आमचं दोघींचं नवीन वर्षाचं आहे ते. पाळकसाहेबांनी काय सांगितलं होतं? कोणाला बोलायचं नाही!" आणि पोह्यांची ताटली उचलून त्या मोरीकडे निघून गेल्या.

पाळकसाहेबांनी सांगितलं होतं, हे खरं होतं.

जालन्याच्या आमच्या चर्चच्या मंडळीत त्याआधी दर वर्षी एक तारखेच्या उपासनेत लोक उभे राहून मोठ्याने संकल्प सांगायचे. रोज पहाटे उठून पवित्र शास्त्र वाचीन, आजाऱ्यांना भेटीन, जिभेला लगाम घालीन. संक्रांतीपर्यंत बहुतेकांचे आटोपलेले असायचे. त्या वर्षी पुण्याहून नवे पाळकसाहेब आले होते, तरुण, चष्मेवाले, बोलताना चवड्यांवर उंच होणारे. ते म्हणाले, "यंदा कोणी काही जाहीर करायचं नाही. एकच संकल्प करा. नवऱ्याने बायकोला सांगू नका, बायकोने नवऱ्याला सांगू नका. तुम्ही आणि देव. ईस्टरआधीचा उपवासकाळ लागायच्या आधीच्या रविवारी आपण साक्षी ऐकू." मग थांबून म्हणाले, "आणि सोपा संकल्प करू नका. जे हातातून सोडायची सगळ्यात भीती वाटते, तेच त्याच्या हाती द्या."

मंडळीला कल्पना फार आवडली. घरी येताना मोटारसायकलवर आम्ही चौघंही गप्प होतो. तिर्झा पुढे टाकीवर, सासूबाई माझ्या मागे कशाबशा. प्रत्येकजण आपापलं काहीतरी ठरवत होता. मी ठरवलं, शास्त्र वर्षभरात वाचून काढायचं. पाळकसाहेबांनी सांगितलेल्यातलं हे नव्हतं, मला कळत होतं. पण ज्याची सगळ्यात भीती वाटत होती ते मी कोणाच्याही हाती देणार नव्हते.

तिर्झाला आकडी यायची.

पहिल्यांदा आली तेव्हा ती तीन वर्षांची होती. ताटासमोर बसली होती आणि एकदम डोळे वर गेले, हात आखडला. दुसऱ्यांदा आली तेव्हा आम्ही तिला घेऊन औरंगाबादला पळालो. तिथल्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि एक पातळ औषध लिहून दिलं. सकाळी आणि संध्याकाळी, सुई नसलेल्या सिरिंजने मोजून. "हे किमान दोन वर्षं," ते म्हणाले. "बरी दिसते म्हणून मध्येच थांबवायचं नाही. एकदम बंद केलं तर आधीपेक्षा वाईट झटका येऊ शकतो. आई तुम्ही आहात ना? मग लक्षात ठेवायचं काम तुमचं."

काम माझं. मी विज्ञानाची पदवीधर, संध्याकाळी दहावीच्या मुलांना शिकवायला जायचे आणि आठला परत यायचे. सकाळचा डोस मी द्यायचे. संध्याकाळचा मनू. तो बियाण्यांच्या कंपनीत होता, पाचला घरी असायचा. औषध सुरू झाल्यापासून एकदाही आकडी आली नव्हती.

सासूबाईंना ते औषध पहिल्यापासून आवडत नव्हतं. "एवढ्याशा जिवाला रोज विष," असं त्या म्हणायच्या. डिसेंबरात नगरच्या मेळाव्याला गेल्या होत्या तेव्हा तिथल्या कोणा प्रचारकाने तेलावर प्रार्थना करून दिली होती. ते तेल त्यांनी एका तपकिरी बाटलीत भरून आणलं होतं. आल्या आल्या मला म्हणाल्या होत्या, "विश्वास असला तर एवढ्याने बरी होईल पोर." मी म्हटलं होतं, "कपाळाला लावा, आई. पोटात काही द्यायचं नाही." त्यांनी तोंड वाकडं केलं होतं.

आता हे सगळं जुळवा. मी जुळवलं.

त्या दिवसापासून मी पहारा सुरू केला. आल्याबरोबर औषधाची बाटली खिडकीशी नेऊन उजेडात धरायची. पातळी जितकी उतरायला हवी तितकीच उतरत होती. म्हणजे डोस बाटलीतून निघत होता. पण पोरीच्या पोटात जात होता का?

एका संध्याकाळी मी मोरीत हात धुवायला वाकले आणि मला अननसाचा वास आला.

औषधाला अननसाचा वास होता. खोटा, गोळीसारखा, नाकात बसणारा. मी पाणी बंद केलं, मोरीच्या जाळीशी नाक नेलं. तिथेच होता. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं वास ओळखत उभी राहिलेली मी, मला तो चुकणं शक्य नव्हतं. कोणीतरी औषध मोरीत ओतत होतं. आणि पोरीच्या तोंडाला गुळाचा वास येत होता.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी मनूला हळूच विचारलं, "संध्याकाळचा डोस तूच देतोस ना?"

"देतो ना." तो मोसंबी सोलत होता. "बाटली बघ की."

"बाटली बघितली. मोरीला वास येतो औषधाचा."

त्याचा अंगठा सालीत थांबला. "सिरिंज धुतो ना मी तिथे."

"धुतल्यावर एवढा येत नाही. मनू, मला वाटतं, तू काढून ठेवतोस आणि आई ते ओतून टाकतात. नंतर तिला आत नेऊन ते तेल पाजतात. कडी लावून."

"आई?" तो माझ्याकडे बघतच राहिला. मला वाटलं, त्याला धक्का बसला. "छे. आईला काही बोलू नकोस हां. उगाच घरात..."

"बोलत नाही. पण तू लक्ष ठेव. तू घरात असतोस. डोस तिच्या तोंडात गेला की मगच सिरिंज खाली ठेव."

"ठेवतो," तो म्हणाला आणि मोसंबीच्या फोडी माझ्या हातात देऊन उठून गेला. एकही खाल्ली नाही त्याने.

दुसऱ्याच दिवशी सासूबाई महिला मंडळाला गेलेल्या पाहून मी त्यांचं कपाट उघडलं. पांढऱ्या साड्यांच्या मागे, हातरुमालात गुंडाळलेली बाटली लागली; गाठीखालून तपकिरी काच दिसत होती. मी रुमालाची गाठ सोडणार तोच मागून आवाज आला.

"काय शोधतेस गं?"

चष्मा विसरला म्हणून त्या परत आल्या होत्या.

"सेफ्टी पिन."

"माझ्या कपाटात?" त्या जवळ आल्या, माझ्या हाताकडे पाहिलं, कपाटाचं दार शांतपणे लावलं. मग स्वतःच्या पदराची पिन काढून माझ्या तळहातावर ठेवली. "घे. मागायची असती."

तळहातावर ती पिन घेऊन मी उभी. त्या पदर हाताने धरून निघून गेल्या. त्यानंतर कपाटाला कुलूप दिसायला लागलं.

मला सांगा, कुलूप पाहिल्यावर कोणत्या आईचा जीव थाऱ्यावर राहील? मी वर्गात मुलांना आम्ल आणि अल्कली शिकवत असायचे आणि डोळ्यांसमोर पोरीचा आखडलेला हात. घरी आले की तिचे डोळे बघायचे, चालणं बघायचे, झोपेत बोटं हलतात का बघायचे. ती ठणठणीत होती. त्यानेच माझी भीती वाढत होती. डॉक्टर म्हणालेच होते, आकडी सांगून येत नाही.

साक्षीच्या रविवारच्या आदल्या दिवशी मी ठरवलं की आता दुसऱ्या कोणावर सोडायचं नाही. शिकवणीला शनिवारी सुटी असायची, पण मी पालकांची बैठक आहे असं खोटंच सांगून बाहेर पडले. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याच औषधाची नवी बाटली घेतली, मैत्रिणीच्या घरी बसून राहिले आणि आठच्या आत परत आले. मनू चर्चमध्ये गायनाच्या सरावाला गेला होता. सासूबाई ओट्याशी भाकरी थापत होत्या. मी तिर्झाला आमच्या खोलीत नेलं, दार लोटलं, पर्समधून बाटली काढली आणि सिरिंज भरली. मनात एकच हिशेब होता: संध्याकाळचं हिच्या पोटात गेलेलं नाही, ते आता जाईल.

"आ कर."

तिर्झाने सिरिंजकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"परत?"

माझा हात तिथेच थांबला.

"परत म्हणजे?"

"आजीने दिलं ना आत्ता."

"काय दिलं आजीने?"

"हेच. अननसाचं." ती ओठ मुडपून बसली. "मग गूळ देते. मम्मी, दोनदा नको ना, कडू आहे."

मी सिरिंज पलंगावर ठेवली. "आणि पप्पा? पप्पा देतात ना तुला संध्याकाळी?"

"पप्पा मला नाही देत," ती म्हणाली, अगदी सहज, "पप्पा मोरीला पाजतात."

मी तिला पुन्हा विचारलं. पुन्हा तेच सांगितलं तिने. पप्पा सिरिंज भरतात, मोरीला पाजतात, डोळे मिटून आमेन म्हणतात. तिला ते गमतीचं वाटत होतं.

त्या क्षणी मला मनूचा राग आला नाही, हे आज सांगताना विचित्र वाटतं. आधी अंगावर काटा आला तो दुसऱ्याच गोष्टीने. भरलेली सिरिंज पलंगावर पडली होती. पोरीने "परत" म्हटलं नसतं तर मी तिला दुसऱ्यांदा औषध पाजलं असतं, आणि उद्याही, आणि परवाही. एका घरात तीन माणसं तीन सिरिंजा घेऊन, एकमेकांना न सांगता.

मी स्वयंपाकघरात गेले.

"आई, कपाटाची किल्ली द्या."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले, कमरेची किल्ली काढून दिली. मी रुमाल सोडला. तपकिरी बाटली औषधाचीच होती. तीच, आम्ही वापरतो ती. अर्ध्याहून जास्त संपलेली.

"तुम्ही कधीपासून देताय?"

"एक तारखेनंतर दोन-तीन दिवसांनी मला दिसलं तो ओतताना. तेव्हापासून."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"पोरीला घेऊन माहेरी गेले असते."

"बघ," त्या म्हणाल्या आणि भाकरी उलटली. "मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. त्याचे संकल्प मी त्याच्या लहानपणापासून बघत आलेय. पाचला उठणार, चहा सोडणार, रोज डायरी लिहिणार. एक टिकला नाही. आणि हाच तेवढा टिकवला मेल्याने!"

मला हसू यायला नको होतं. आलं नाहीच, पण घशाशी आलं.

"त्याला का नाही विचारलंत? तुमचाच मुलगा आहे."

"विचारलं असतं तर त्याने पुढच्या वेळी माझ्याही नकळत काहीतरी केलं असतं. निदान हे मला दिसत होतं." त्या जरा थांबल्या. "तू काय समजत होतीस? मी काय पाजते म्हणून?"

"तेल."

"ते तेल?" त्या पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. "अगं, ते गुडघ्यांना लावते मी!"

"तुम्हीच विष म्हणायचात औषधाला."

"म्हणायचे. कडूच आहे ते. म्हणून काय पोरीचं बंद करीन?" भाकरी फुगली, त्यांनी ती चिमट्याने उचलली. "उद्या तो साक्ष देणार आहे. नाव दिलंय त्याने. राहेल, आज रात्री काही बोलू नकोस. चारचौघांत तर नकोच नको. उद्या घरी आल्यावर मी त्याला समजावते."

मी बरं म्हटलं. पण खरं सांगायचं तर त्या रात्री माझा कोणावरच विश्वास नव्हता. सासूबाई खरं बोलत होत्या कशावरून? पोरीला पढवलेलंही असू शकत होतं. सहा वर्षांत मनू माझ्याशी एकदाही खोटं बोलला नव्हता, निदान मला तसं वाटत होतं. तो सरावाहून आला, गुणगुणत जेवला, तिर्झाच्या कपाळाचा पापा घेतला. मी त्याच्या प्रत्येक हालचालीकडे बघत होते. ठरवलं, उद्या त्याच्याच तोंडून ऐकायचं. तिर्झाला मी माझ्या आणि भिंतीच्या मध्ये झोपवलं.

रविवारी चर्च भरलं होतं. आमच्याकडे बायका डावीकडे बसतात, पुरुष उजवीकडे. सासूबाई माझ्या शेजारी, तिर्झा माझ्या मांडीवर. पाळकसाहेबांनी साक्षीला सुरुवात केली. पहिले उठले ओहोळमामा, मंडळीचे सगळ्यात जुने पंच. म्हणाले, "मी तंबाखू सोडली होती." मागून कोणीतरी हालेलुया म्हटलं. "थांबा, थांबा. बुधवारी परत धरली." सगळं चर्च हसलं, पाळकसाहेबही. एका बाईने जावेशी अबोला सोडल्याचं सांगितलं, जाऊ शेजारीच बसली होती आणि तिला ते त्याच वेळी कळत होतं.

मग मनू उठला.

त्याने शर्टाची बाही सारखी केली. आवाज थरथरत होता. "माझी मुलगी तिर्झा. तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, तिला आकडीचा त्रास आहे. तिच्यासाठी तुम्ही प्रार्थना केलीय." तो पाळकसाहेबांकडे वळला. "औषधाचा डोस भरताना दर वेळी मला वाटायचं, माझा विश्वास नाही. मी देवाकडे मागतो आणि बाटलीकडे धावतो. पाळकसाहेब म्हणाले, ज्याची सगळ्यात भीती वाटते तेच दे. मला याचीच भीती वाटत होती. म्हणून एक तारखेपासून मी तिचा संध्याकाळचा डोस देवाच्या हाती दिला. औषध दिलं नाही. आणि बंधूभगिनींनो, आजपर्यंत माझ्या लेकीला एकदाही आकडी आली नाही!"

चर्चमध्ये लाट उठली. आमेन, हालेलुया, स्तुती असो. टाळ्या. समोरच्या बाकावर एक बाई रडायला लागली. तिचा मुलगा मधुमेहाचा होता, रोज इंजेक्शन घ्यायचा. तो तिच्या शेजारीच बसला होता आणि ती त्याच्या केसांवरून हात फिरवत मनूकडे बघत होती.

पाळकसाहेब हसत नव्हते. त्यांचा चेहरा उतरला होता. "मनूभाऊ, मी औषधाबद्दल..." ते म्हणत होते, पण टाळ्यांत ते मागे राहिलं.

"अजून एकच," मनू म्हणाला. आता त्याचा आवाज स्थिर झाला होता आणि तो आमच्या बाजूला बघत होता. "सकाळचा डोस माझी पत्नी देते. तो माझ्या हातात नाही. मी आज सगळ्यांसमोर तिला विनंती करतो. राहेल, उद्यापासून तूही सोड. आपण दोघं मिळून हे पूर्ण करू."

सगळी डोकी वळली.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या साडीचा काठ बोटाला गुंडाळत होत्या. वर बघायला तयार नव्हत्या. चारचौघांत नको, त्या म्हणाल्या होत्या. त्या क्षणी मला पुन्हा शंका आली की या उठणारच नाहीत, मुलाला उघडं पाडणार नाहीत, आणि घरी गेल्यावर म्हणतील, बाटली कसली, तेल होतं ते. समोरची बाई मुलाच्या केसांतून हात फिरवतच होती.

मी तिर्झाला बाकावर बसवलं आणि उभी राहिले.

"औषध बंद नाही," मी म्हटलं. मला वाटलं होतं आवाज फुटणार नाही. फुटला, आणि फार मोठा फुटला. "दोन्ही वेळचं चालू आहे. पहिले दोन-तीन दिवस सोडले तर एकही डोस चुकलेला नाही. म्हणून आकडी आली नाही."

मनू गोंधळून हसला. "नाही, राहेल, तुला माहीत नाही. मी स्वतः..."

"तू मोरीत ओतलंस. मला माहीत आहे. तरी तिला मिळत होतं."

"कोण देत होतं?" पाळकसाहेबांनी विचारलं.

नाव घ्यायचं नाही, हे मी उठतानाच ठरवलं होतं. तेवढं मी त्यांचं देणं लागत होते.

शेजारी बाक करकरला. सासूबाई समोरच्या बाकाची पाठ धरून उठत होत्या, गुडघ्यांवर हात देत. पूर्ण उभ्या राहायला त्यांना वेळ लागला.

"मी देत होते," त्या म्हणाल्या. "बस खाली, मनू."

"आई, तू?"

"अर्ध्या दिवसाचा विश्वास घेऊन साक्ष द्यायला उभा राहिलास. सकाळचं बायको पाजतेय, संध्याकाळचं आई पाजतेय, आणि हा म्हणतो देवाने सांभाळलं!" मग त्यांचा आवाज खाली आला. "सांभाळलं देवानेच. तू ओतत होतास ते मला कोणी दाखवलं? मी काय रोज मोरीपाशी उभी असते?"

मनू बसला नाही. तो उभा राहिला, हात लोंबकळत, जणू कोणीतरी त्याच्या हातातून काहीतरी काढून घेतलं होतं. मग वळला आणि बाजूच्या दाराने बाहेर गेला.

पाळकसाहेब खाली उतरून आले. व्यासपीठावर परत गेले नाहीत, बाकांच्या मधल्या वाटेत उभं राहूनच बोलले. "ऐका. कोणीही कसलंही औषध माझ्या बोलण्यावरून थांबवलं असेल तर आज घरी जाऊन घ्यायचं आणि उद्या डॉक्टरांना विचारायचं. मी नीट सांगितलं नाही. सोडा म्हणालो, काय सोडा ते म्हणालो नाही." समोरच्या बाईने मुलाच्या डोक्यावरचा हात काढला आणि तोंडावर धरला. तिने थांबवलं होतं का, मला आजही माहीत नाही. उपासना संपल्यावर ती कोणाशी न बोलता मुलाचा हात धरून जवळजवळ पळत गेली.

मनू दुपारभर आला नाही. सासूबाई आणि मी जेवलो. त्या मला म्हणाल्या, "चारचौघांत नको म्हटलं होतं." मी म्हटलं, "हो." त्या म्हणाल्या, "भाजी घे अजून." एवढंच.

संध्याकाळी तो आला. दारात चप्पल काढून तिथेच उभा राहिला. सासूबाई मागच्या खोलीत गेल्या आणि या वेळी कडी लावली नाही.

"मी तिचं वाईट करायला नव्हतो गेलो," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मला दर संध्याकाळी वाटायचं आज येईल. ओतल्यावर घरात असलो की मी तिच्या आसपासच घुटमळायचो, तू येईपर्यंत. आली नाही की वाटायचं, देवाने ऐकलं." त्याने तोंडावरून हात फिरवला. "तू मला आईवर लक्ष ठेवायला सांगितलंस, त्या दिवशी मी सांगणार होतो."

"पण सांगितलं नाहीस."

"नाही."

तिर्झा फरशीवर बसून खडूने काहीतरी रेघोट्या ओढत होती.

"आजचं दिलं का?" त्याने विचारलं.

"अजून नाही."

"मी देऊ?"

मला नाही म्हणायचं होतं. तोंडात आलंच होतं. पण तो कुठे जाणार नव्हता, मीही नाही, आणि उद्याही संध्याकाळ होणार होती.

"दे," मी म्हटलं. "माझ्यासमोर."

त्याने सिरिंज भरली. दोनदा मोजलं. तिर्झा तोंड उघडून तयारच होती. त्याने औषध तिच्या गालात सोडलं, तिने तोंड वेडंवाकडं करून गिळलं. तो सिरिंज धुवायला उठला.

"थांब," मी म्हटलं.

मी तिर्झाची हनुवटी धरली. "आ कर." तिने केला. जीभ वर करायला लावली, दोन्ही गाल बोटाने बाजूला करून आत पाहिलं. रिकामं होतं. मनू रिकामी सिरिंज हातात घेऊन हे सगळं बघत उभा होता. मी वर पाहिलं नाही.

पुढे डॉक्टरांनीच ते औषध हळूहळू कमी करत बंद केलं. तोपर्यंत रोज संध्याकाळी मनू डोस द्यायचा, आणि मग स्वतःच बाजूला सरकून मला जागा करून द्यायचा.